दूरच्या दोन पदांमधलं अंतर

मलांग, १२ जून १९८९

पाक येस्कियाल हेनुख यांना,

तुमची तिसरी उत्तरपत्रिका परत पाठवते आहे. पहिले चार प्रश्न बरोबर आहेत. पाचव्याला शून्य दिलंय आणि शेजारी लाल शाईत लिहिलंय, "ही सिद्धता नाही, ही आशा आहे." ते वाक्य तुम्हाला लागेल. खोडायचा विचार केला होता, पण ते खरं आहे, म्हणून राहू दिलं आणि हे वेगळं पत्र लिहायला घेतलं.

प्रश्न सोपा होता. अर्धा, दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश, चार पंचमांश, अशी चालत जाणारी क्रमिका. अंशात n, छेदात n+1. ती कोशी आहे हे सिद्ध करा. म्हणजे समोरच्याने हवं तेवढं बारीक अंतर सांगावं, त्याला आपण ε म्हणतो. आपण क्रमिकेत एक जागा दाखवायची, की बाबा, हिच्या पुढची कुठलीही दोन पदं उचल, त्यांच्यातलं अंतर तुझ्या ε पेक्षा कमीच भरेल. कुठलीही दोन. तुम्ही मात्र शेजारशेजारची दोन पदं घेतलीत, त्यांच्यातलं अंतर लहान होत जातं हे दाखवलंत आणि खाली दुहेरी रेघ मारून मोकळे झालात.

एक अधिक अर्धा, अधिक एक तृतीयांश, अधिक एक चतुर्थांश, अशी बेरीज करत जाऊन बघा. प्रत्येक पाऊल आधीच्याहून लहान. तरी बेरीज कुठे थांबत नाही, म्हणाल तो आकडा ओलांडून पुढे जाते. तुमची युक्ती मान्य केली तर हीसुद्धा कोशी ठरेल, आणि ती नाही.

या विषयात तुम्ही एकदा नापास झाला आहात. डिसेंबरात पुन्हा तेच झालं तर नोंदणी रद्द होईल. विद्यापीठाचा टपाल-शिक्षण विभाग तसं कळवेलच, मी आधी सांगून ठेवते. पाचवा प्रश्न पुन्हा सोडवून पाठवा.

एन्दाह पालुपी


ओएलाबा, रोते बेट, ९ जुलै १९८९

आदरणीय इबू पालुपी,

आपलं पत्र कुपांगच्या होडीने आलं तेव्हा मी ताडावर होतो. हंगाम चालू आहे. सकाळी शाळेआधी आणि दुपारी शाळा सुटल्यावर चढून नीरा उतरवावी लागते, मास्तर असो की पाद्री. बायकोने खालून ओरडून विचारलं, "मलांगच्या बाईंचं पाकीट आलंय, फोडू का?" मी नको म्हणालो. तिने फोडलं. त्यामुळे खाली उतरेपर्यंत माझं शून्य शेजारपाजारी पोचलेलं होतं.

लाल वाक्य लागलं, खोटं कशाला बोलू. त्रेचाळीस वर्षांचा आहे मी. वर्गात पोरांना आजवर मीच शून्य देत आलो.

आपल्याला एक सांगून ठेवतो. मी इथे सातवी ते नववीला गणित शिकवतो. त्यापुढचे वर्ग आमच्याकडे नाहीत. नववी झाली की पोरं सामुद्रधुनी ओलांडून कुपांगला जातात आणि कुणा मामा-काकाच्या घरी पाणी भरून शिकतात. पुष्कळशी मधेच सोडतात. पुढच्या जुलैत इथे दहावीचा वर्ग उघडायचं ठरतंय, पण गणिताला पदवीधर शिक्षक असेल तरच. बाहेरून कुणी यायला तयार नाही. मुख्याध्यापक रोज माझ्या तोंडाकडे बघतात. पदवीला माझा हा एकच विषय राहिलाय.

आता पाचवा प्रश्न. शेजारशेजारच्या पदांबद्दलचं आपलं म्हणणं पटलं. म्हणून या खेपेला मी मधे कितीही पदं सोडली. दहा सोडा, हजार सोडा, सोडलेल्या पदांना p म्हणू. कुठलाही p ठरवून घेतला आणि n वाढवत नेला की त्या दोघांतलं अंतर शून्याकडे जातं. सगळी आकडेमोड सोबत आहे. आता तरी झालं ना?

आणखी एक शंका, रागावू नका. ही क्रमिका एककडे चाललीय हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. मग सरळ एकपासूनचं अंतर मोजून का मोकळं होऊ नये? एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

आपला विद्यार्थी,
येस्कियाल हेनुख


मलांग, २ ऑगस्ट १९८९

पाक येस्कियाल,

नाही झालं. पण या खेपेची चूक चांगल्या जातीची आहे. ती करायलाही थोडं डोकं लागतं.

तुम्ही p आधी पक्का केलात आणि मग n पुढे नेलात. म्हणजे प्रत्येक p साठी तुमची जागा वेगळी. दहासाठी एक, हजारासाठी त्याच्याही पुढची. मी दहा लाख म्हटलं की तुम्ही उठून आणखी पुढे जाऊन बसणार. तसं चालत नाही. मी फक्त ε सांगणार, तुम्ही जागा सांगायची आणि तिथून हलायचं नाही. त्यानंतर मी कितीही लांबची दोन पदं आणीन. तुम्ही आणलेली कसोटी ती अर्धा-तृतीयांशांची बेरीजही पास होते, करून बघा. p पक्का असला की तीही गरीब गाय. पण n आणि त्याच्या दुपटीचं पद घ्या, मधलं अंतर अर्ध्याच्या खाली येतच नाही.

आता एकबद्दल. इथे एक दिसतो, कारण तुमच्या सोयीसाठी मी प्रश्न सोपा काढला. पुढे अशा क्रमिका भेटतील की त्या कुठे चालल्यात हे तुम्हालाही ठाऊक नसेल आणि मलाही. मुक्काम माहीत नसताना त्या कुठेतरी पोचतात एवढं तरी छातीठोक सांगता यावं, त्यासाठी हे सगळं. सोप्यावर हात बसला नाही तर तिथे काय कराल?

माझी आई माझ्याजवळ असते. तुमचं पत्र तिने दोनदा वाचून घेतलं. शिकलेला माणूस ताडावर कशाला चढतो, असं विचारत होती. मी म्हटलं, नीरा प्यायला गणित लागत नाही. ती म्हणाली, पडला म्हणजे? जपून चढा.

पुढची उत्तरपत्रिका सप्टेंबरअखेर हवी.

ए. पालुपी


ओएलाबा, २४ सप्टेंबर १९८९

आदरणीय इबू पालुपी,

उत्तर पाठवत आहे. n व्या आणि m व्या पदातलं अंतर काढलं, m मोठा धरून. प्रत्येक पद म्हणजे एकातून एक छोटा तुकडा वजा केलेला. n व्या पदात तो तुकडा १ छेद n+1, m व्यात १ छेद m+1. म्हणून दोन पदांमधलं अंतर म्हणजे या दोन तुकड्यांमधलं अंतर. दुसरा तुकडा पहिल्यातून वजाच होणार, तेव्हा तो किती आहे हे बघायची गरज नाही. अंतर १ छेद n+1 पेक्षा कमी. आता कुठलाही ε आला तर १ छेद ε पेक्षा मोठा एक पूर्णांक N घ्यायचा. N च्या पुढे n असला की अंतर ε पेक्षा कमी, मग m कुठेही असो. N ठरवताना m लागला नाही.

पोचायला उशीर होईल, क्षमा असावी. इकडे सर्व क्षेम.

येस्कियाल हेनुख


मलांग, १४ ऑक्टोबर १९८९

श्री. हेनुख,

उत्तर निर्दोष आहे. पण ते तुमचं नाही.

अक्षर तुमचं नाही हे पाकीट हातात घेतल्यावरच कळलं. तुमचं मास्तरी, उजवीकडे कललेलं अक्षर मी दोन वर्षं वाचते आहे. हे गोल आहे, पाटीवर गिरवल्यासारखं. तेवढं असतं तर मी गप्प बसले असते. पण ज्याने हे लिहिलं त्याला आपण काय लिहितोय हे माहीत नाही. ε च्या जागी आकड्यातला तीन उलटा करून काढलाय, दर वेळी निराळा. छोटा n आणि मोठा N यांची गल्लत करून मग गिरवून दुरुस्त केलीय. समोरचा कागद बघून उतरवणाराच असं लिहितो. आणि ज्या माणसाकडून दोनदा चूक झाली, त्याच्याकडून तिसऱ्यांदा एकही शब्द जास्त नसलेली सिद्धता येते, हे कसं?

नियमाप्रमाणे मला समितीकडे कळवावं लागतं. तसं कळवलं आहे. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर त्यांना लिहा.

मला वाईट वाटलं. ऑगस्टमधल्या तुमच्या चुकीवरून मला वाटत होतं की तुम्ही अगदी दारात येऊन उभे आहात.

एन्दाह पालुपी


ओएलाबा, ३० ऑक्टोबर १९८९

इबू पालुपी,

मी दोर्कास. हेनुख मास्तरांची बायको, आन्सेची आई. ते गोल अक्षर माझं आहे. ओळख पटली असेलच.

मी लिहितेय हे आन्सेच्या बापाला माहीत नाही. तो शाळेत आहे. तो यायच्या आत होडीवाल्याकडे द्यायचंय, तेव्हा मानपान सोडून सरळ लिहिते.

तुमचं ऑगस्टचं पत्र आलं. तो ते खिशात घालून ताडावर चढायचा. मी रोज सांगायची, वर असताना डोकं वर ठेव. महिन्याच्या अखेरीला खाली पडला. उजवा कोपर आणि मनगट, दोन्ही गेलं. हाडं बसवणाऱ्याने बसवलं, मग बाआ गावच्या दवाखान्यात पुन्हा मोडून बसवलं. बोटं अजून मिटत नाहीत. आता तो म्हणतो तुमच्या पत्राचा काही संबंध नाही, दोर ओला होता. असेल. मी त्यावरून भांडत बसत नाही.

अंथरुणावर पडल्या पडल्या छताकडे बघत असायचा. एका सकाळी मला म्हणाला, कागद घे. मी म्हटलं, मृत्युपत्र का? तर हे. तो सांगणार, मी लिहिणार. मी सहावीपर्यंत शिकलेय. तो म्हणे एप्सिलॉन, मी म्हणे तो कसा काढतात, तो म्हणे उलटा तीन. मग मी उलटा तीन काढला, आता तो दर वेळी निराळा आला तर माझा काय गुन्हा? मोठ्या N वरून आमचं एवढं वाजलं की सासूबाई उठून बाहेर गेल्या. जास्तीचा शब्द नाही म्हणालात ना? जास्तीचे होते. ढीगभर होते. मी कंटाळून म्हटलं, माझा हात भरून आलाय, जे लागतं तेवढंच सांग. तेव्हा त्याने छाटून छाटून तेवढं ठेवलं.

पडल्याचं तुम्हाला कळवू म्हटलं तर माझ्यावर उखडला. बाईंना वाटेल सवलत मागतोय. "सर्व क्षेम" त्याने लिहायला लावलं, मी हात आखडला तर म्हणाला, लिही.

तुमचं शेवटचं पत्र वाचून त्याने त्याची घडी घातली आणि मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगून आला की दुसरा शिक्षक बघा. समितीला लिही म्हटलं तर म्हणतो, "ज्यांना माझं गणित कळतं त्यांनाच पटलं नाही, बाकीच्यांना काय सांगू?"

मला तुमचं गणित कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण तो चोर नाही, एवढं मी सांगते. दवाखान्याचा कागद आणि पाद्रींची सही सोबत जोडलीय. आता काय करायचं ते तुम्ही करा.

दोर्कास हेनुख


मलांग, १६ नोव्हेंबर १९८९

पाक येस्कियाल आणि इबू दोर्कास,

हे पत्र दोघांना एकत्र लिहिते आहे. पाक येस्कियाल, बायकोवर रागावू नका. त्यांनी लिहिलं नसतं तर मी हयातभर स्वतःला बरोबर समजत राहिले असते.

माझी चूक झाली. मी अक्षर वाचलं, माणूस वाचला नाही. पडलात हे लपवलंत म्हणून मी तुमच्यावर चिडू शकते, पण आज नाही.

तक्रार नुसती मागे घेता येत नाही. समितीवर पाक तर्मिझी आहेत, मलाही त्यांनीच शिकवलं. मी तुमच्या तिन्ही उत्तरपत्रिका त्यांच्या टेबलावर ओळीने मांडल्या. म्हटलं, बरोबर उत्तर कुणाचंही उसनं आणता येतं, पण या दोन चुका बघा, दुसरी पहिलीतून निघालीय आणि तिसरं उत्तर दुसऱ्या चुकीतून. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, तुझं बोलणं पटण्यासारखं आहे, पण मला माणूस समोर पाहिजे. शेवटी असं ठरलं की १२ डिसेंबरला कुपांगच्या केंद्रावर तोंडी परीक्षा घ्यायची. तुम्ही बोलायचं, केंद्रातला कारकून फळ्यावर लिहील. मी हजर असेन, पण मला तोंड उघडायची परवानगी नाही. सोपं विचारणार नाहीत.

समुद्र खवळायच्या आत निघा. आई विचारतेय, हात दुखतो का अजून.

एन्दाह पालुपी


ओएलाबा, २८ डिसेंबर १९८९

इबू पालुपी,

नाताळच्या शुभेच्छा. पुन्हा मीच, पण या वेळी आन्सेच्या बापासमोर बसून लिहितेय. तो नको म्हणतोय, तरी.

परीक्षेनंतर तुम्ही मला केंद्राच्या व्हरांड्यात भेटलात, माझा हात दोन्ही हातांत धरलात आणि विमानाची वेळ झाली म्हणून गाडीत बसलात. निकाल नंतर कळेल म्हणालात. दार बंद होतं. आत काय झालं ते मला कोण सांगणार? याला विचारलं तर म्हणतो, "झालं." येताना होडीत लाटा अंगावर येत होत्या, मी म्हटलं, मरायच्या आधी तरी सांग. तर म्हणतो, "प्रश्न विचारले, उत्तरं दिली." एवढं सगळं मी माझ्या हाताने लिहिलं आणि शेवट मला माहीत नाही, हे बरोबर आहे का तुम्हीच सांगा.

दोर्कास


मलांग, २० जानेवारी १९९०

प्रिय इबू दोर्कास,

निकालाचा कागद याच पाकिटात आहे. आधी तो बघा आणि मग बसून हे वाचा.

तुमचे यजमान आत आले, कोट नुसता खांद्यावर टाकलेला, कारण उजवा हात बाहीत जात नव्हता. पाक तर्मिझींनी बसा म्हटलं, ते म्हणाले, उभं राहायची सवय आहे. आधी तीच क्रमिका. ते सांगत गेले, कारकून लिहीत गेला. कारकुनाने एक रेघ चुकवली तेव्हा त्याला थांबवून, रागावून, वर्गातल्या पोरासारखी ती पुसून पुन्हा काढायला लावली. पाक तर्मिझी तेव्हा पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी विचारलं, "m बघायच्या आधीच तुम्ही N सांगून मोकळे झालात. उद्या मी असा m आणला की जो तुम्ही स्वप्नातही पाहिला नाही, तर?"

तुमचे यजमान म्हणाले, "आणा ना, सर. तुम्ही m जेवढा लांबून आणाल तेवढं वजा होणारं कमी होईल, पण होईल वजाच. माझ्या मर्यादेबाहेर तो मला नेऊ शकत नाही. म्हणून मला त्याचं तोंड बघायची गरज नाही."

पाक तर्मिझींनी मान हलवली आणि फळा पुसायला सांगितलं. नवा प्रश्न. एक, अधिक दोनच्या वर्गाचा व्यस्त, अधिक तीनच्या वर्गाचा, अशी बेरीज. तो त्यांच्या पुस्तकात नव्हता, इबू. मला वाटलं, हे आता अति होतंय. तुमचे यजमान खिडकीपाशी गेले. बाहेर तुम्ही बाकावर बसला होता, ते मला दिसत होतं. त्यांना दिसलं की नाही, माहीत नाही. परत येऊन कारकुनाला म्हणाले, प्रत्येक तुकडा दोन शेजारी अपूर्णांकांच्या वजाबाकीपेक्षा लहान आहे असं लिही. मग त्या वजाबाक्या एकाखाली एक लिहून घेतल्या. मधलं सगळं एकमेकांत कटून गेलं आणि उरला पुन्हा तो एकच छोटा तुकडा, १ छेद n. 

पाक तर्मिझी म्हणाले, "म्हणजे ही बेरीज कुठेतरी पोचते."

"हो."

"कुठे?"

"ते मला माहीत नाही, सर."

"माहीत नाही आणि तरी पोचते म्हणता?"

"पोचते हे मी दाखवलं. कुठे, हा दुसरा प्रश्न आहे. तो तुम्ही विचारला नव्हता."

मी बाईमाणूस, शिवाय गप्प राहायची ताकीद, नाहीतर उठून टाळ्या वाजवल्या असत्या. पाक तर्मिझींनी वही मिटली. गाडीत बसल्यावर मला एवढंच म्हणाले, "तुझ्या तक्रारीचा कागद मी माझ्या हाताने फाडणार आहे, तू लांब राहा." मुक्कामाचा आकडा त्यांनी तुमच्या यजमानांना मुद्दाम सांगितला नाही. शोधू दे म्हणाले.

तुमची माफी मी व्हरांड्यात मागणार होते. तुम्ही माझ्याकडे अशा नजरेने बघितलंत की मी नुसता तुमचा हात धरला आणि निघाले. आता लिहून मागते.

एन्दाह


ओएलाबा, २२ जुलै १९९०

आदरणीय इबू पालुपी,

हे डाव्या हाताचं अक्षर आहे. पुन्हा समितीकडे पाठवू नका.

दहावीचा वर्ग सोमवारी सुरू झाला. भिंती आहेत, छप्पर अर्धं आहे. उजव्या हाताची बोटं डॉक्टर म्हणाले तेवढीच मिटणार. खडू डाव्या हातात धरतो, पोरं माझ्या अक्षराला हसतात आणि मी हसू देतो. ताडावर आता मेहुणा चढतो, नीरा अर्धी-अर्धी वाटून घेतो. मला चढायला मनाई आहे. खरं सांगायचं तर त्याचं दुःख हाताहून जास्त आहे. वरून सामुद्रधुनी पलीकडच्या काठापर्यंत दिसायची आणि तिथे कुणी काही विचारायला येत नसे. आता विचार करायला जागा नाही. घरात दोर्कास असते.

आपल्याला कळवायचं होतं ते वेगळंच. दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कुपांगची मोठी होडी पोरांना घेऊन जाते. त्या दिवशी धक्क्यावर आयांचा आक्रोश असतो, घरात कुणी वारल्यासारखा. मी स्वतः आन्सेला तिथूनच पाठवली आणि तोंड फिरवून उभा राहिलो. काल ती होडी आली. सवयीने सगळं गाव धक्क्यावर जमलं. बकऱ्या चढवल्या, ताडगुळाच्या टोपल्या चढवल्या. नावाडी थोडा वेळ वाट बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, "पोरं कुठायत?"

एका बाईला हसू फुटलं, मग दुसरीला. होडी सुटली तेव्हा सगळ्या बायका धक्क्यावर बसून हसत होत्या, आणि नावाड्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं काय चुकलं.

येस्कियाल हेनुख